मसाई पठारावरून पाहिलेली दांड्याची दीर्घिका : एनजीसी ४४७७

मसाईवारा
मंडळी, नमस्कार. इथं मी चार वर्षं वाचतोय, लिहितो क्वचित. आज राहवत नाही म्हणून धागा काढतोय. शेवटी एक प्रश्न आहे, पण आधी काय झालं ते सांगतो.

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की पंधरा दिवसांनी अमावास्या. यात्रेच्या पुनवेला चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो, महिन्याला चैत्र नाव पडलं ते त्यावरूनच. त्या चित्रेच्या वर, कन्या आणि अरुंधती केश यांच्या सीमेवर, दीर्घिकांचा मोठा कन्या समूह आहे. पुनवेला चांदण्यात तिथलं काही हाताला लागत नाही, अमावास्येला तीच जागा काळीभोर होते. यंदा अमावास्येच्या आदल्या दुपारी वळीव कोसळला आणि संध्याकाळपर्यंत हवेतली सगळी धूळ बसली. आठ इंची आरशाच्या डॉब्सोनियन दुर्बिणीची नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घातली, आबांना पुढं बसवलं आणि पन्हाळ्यावरून मसाई पठार गाठलं.

आबा म्हणजे माझे वडील. करवीर तालुक्यात चाळीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं, रसाच्या काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारली. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून म्हणत होते, मला एकदा तुझ्या नळकांड्यातनं बघू दे.

रात्री साडेदहाच्या पुढं कन्या समूह आपल्याकडं जवळजवळ डोक्यावर येतो. कोल्हापूरचा अक्षांश साडेसोळा अंशाच्या किंचित पुढं आणि समूह खगोलीय विषुववृत्ताच्या बारा-तेरा अंश उत्तरेला, त्यामुळं मधे हवेचा थर कमीत कमी. मी मार्केरियनची साखळी, म्हणजे या समूहातल्या दीर्घिकांची एक वळणदार ओळ, दुर्बिणीत लावली आणि एकेक मणी दाखवत शेवटच्या मण्यापर्यंत गेलो. एनजीसी ४४७७, म्हणजे एनजीसी या आकाशस्थ वस्तूंच्या यादीतला ४४७७ क्रमांक. पुस्तकी वर्गवारीत दंडयुक्त भिंगाकार, म्हणजे एसबी-शून्य. अंतर साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं.

आबा बराच वेळ डोळा लावून उभे होते. मी काहीच सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, "धुरकट हाय. मधी जरा निखारा हाय. चुलवाण विझत आल्यागत दिसतंय." मी म्हटलं, आबा, बरोबर ओळखलंत. हिच्यात नवे तारे तयार व्हायचं जवळपास थांबलंय, जुने तेवढे जळतायत. त्यावर त्यांनी विचारलं, "मग ह्यात चिपाडं सारायची बंद कुणी केली?"

मला धड उत्तर देता आलं नाही. गॅस संपला, एवढंच म्हटलं. ते गप्प बसले, पण समाधान झालं नाही हे मला कळलं. इथं जाणकार आहेत. आबांना सांगता येईल असं उत्तर हवंय. आणि दुसरं माझ्या मनातलं, बाकी सगळं विझलं तर मधला दांडा कसा टिकला?

रंकाळ्याकाठी
किती सुंदर लिहिलंय दादा. आबांना नमस्कार सांगा. माझी लेक यंदा दहावीला गेली, तिला वाचून दाखवलं. आम्हा दोघींना पडलेला प्रश्न : भिंगाकार म्हणजे नेमकी कशी? सर्पिल माहीत आहे, लंबवर्तुळाकार ऐकलंय. ही कुठं बसते?

स्वातीचित्रा
ताई, तुमच्यापासूनच सुरुवात करते.

शाळेत ध्वनीच्या धड्यात नादकाटा असतो तो डोळ्यांपुढं आणा. एडविन हबल यांनी दीर्घिकांची मांडणी त्या आकारात केली. काट्याच्या मुठीला लंबवर्तुळाकार दीर्घिका, दोन फाट्यांवर सर्पिल : एका फाट्यावर साध्या, दुसऱ्यावर मधे दांडा असलेल्या. १९२६ मध्ये वर्गवारी केली तेव्हा मूठ आणि फाटे जिथं मिळतात ती जागा रिकामी होती. १९३६ मध्ये त्यांनी तिथं 'एस-शून्य' हा प्रकार ठेवला, तोही असा प्रकार असायला हवा या तर्काने. पुढं अशा दीर्घिका भरपूर सापडल्या. सर्पिलसारखी चपटी तबकडी आहे, मधे फुगवटा आहे, पण भुजा नाहीत. कडेनं पाहिली तर मसुराच्या दाण्यासारखी, म्हणून भिंगाकार. त्यात मधे ताऱ्यांचा लांबट पट्टा असला की दंडयुक्त भिंगाकार.

आता साखळी कशी शोधायची ते, कारण अनेकांना जमत नाही. सिंहेच्या शेपटीची उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला एप्सिलॉन तारा यांना जोडणारी रेषा कल्पा. तिच्या जवळपास मध्यावर दुर्बीण लावा. एका दृश्यक्षेत्रात कापसाचे दोन बोळे दिसतील, ते एम८४ आणि एम८६ (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक). तिथून पूर्वेला सरकलं की दोन लहान डाग जवळजवळ, त्यांना 'डोळे' म्हणतात : एनजीसी ४४३५ आणि ४४३८. पुढं साखळी उत्तरेकडं वळते : ४४५८, ४४६१, ४४७३ आणि शेवटी ४४७७. 'डोळ्यां'मधली ४४३५ हीसुद्धा दंडयुक्त भिंगाकारच आहे, म्हणजे एका साखळीत आपल्या नायिकेची बहीण भेटते. सगळी साखळी दीड अंशाची आहे, पंचवीस मिलिमीटरच्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) एकदम मावत नाही, हळूहळू सरकवावी लागते.

आणि समूह अगदी डोक्यावर असताना डॉब्सोनियन आडमुठेपणा करते, नळी उभी झाली की आडवी फिरवायला तिला पकडच उरत नाही. तासभर थांबायचं, पश्चिमेला कलला की काम सोपं होतं. मसाईवारा, तुम्ही डोक्यावर असतानाच एकेक मणी लावलात, हात बसलाय तुमचा.

'मार्केरियन' म्हणजे आर्मेनियाचे बेंजामिन मार्केरियन, ब्युराकान वेधशाळेचे. या दीर्घिकांतल्या बऱ्याचशा एकत्र प्रवास करतायत हे त्यांनी १९६१ च्या सुमारास दाखवलं. डागांची पहिली नोंद मात्र जुनी. पॅरिसमध्ये शार्ल मेसिए यांनी १८ मार्च १७८१ च्या एका रात्रीत एम८४ पासून एम९१ पर्यंत आठ डाग टिपले. ते धूमकेतू शोधत होते, हे डाग मधे येतात म्हणून यादी केली. ४४७७ त्यांना दिसली नाही. ती विल्यम हर्शल यांनी १७८४ मध्ये टिपली. तेजाच्या मापात दहाव्या प्रतीची आहे, पण तेव्हाच्या आरशांत तीही मोठी गोष्ट.

ओतारी
हर्शलचं नाव निघालं म्हणून लिहितो. शिरोलीला फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यामुळं हा माणूस मला घरचा वाटतो.

त्या काळात काचेचे आरसे नव्हते. तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू ओतून, घासून, चकचकीत करून आरसा करायचे. ढोबळमानाने दोन भाग तांबं, एक भाग कथील. एवढं कथील घातलं की धातू पांढरा आणि काचेसारखा ठिसूळ होतो, थंड करताना जरा घाई केली की तडकतो. हर्शल स्वतः ओतायचे. १७८१ मध्ये बाथ गावात राहत्या घराच्या तळघरात त्यांनी तीन फुटी आरसा ओतायला घेतला. साचा मातीत घोड्याची लीद मिसळून केलेला, ती कुटायला बहीण कॅरोलिन मदतीला. ओतायच्या वेळीच भट्टी गळली, वितळलेला धातू दगडी फरशीवर पसरला आणि फरश्या फुटून तुकडे छतापर्यंत उडाले.

फौंड्रीतल्या माणसाला यातलं भय वेगळं सांगायला नको. दगडात अडकलेली ओल एका क्षणात वाफ होते, तिला जागा लागते आणि ती दगड फोडून निघते. आमच्याकडं नवा पोरगा आला की पहिला धडा हाच : लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू नेणाऱ्या पळीच्या, वाटेवर पाण्याचा थेंब नको. जिवावरच्या त्या प्रसंगानंतरही हर्शल थांबले नाहीत. पावणेएकोणीस इंची आरशाची दुर्बीण १७८३ मध्ये उभी केली, रात्रभर शिडीवर उभं राहून ते बोलायचे आणि कॅरोलिन घरात बसून घड्याळ पाहून नोंद करायची. मसाईवर तुम्ही पाहिलेला डाग पहिल्यांदा कागदावर आला तो असा.

प्रकाशरेष
मी मूळची कसबा बावड्याची, सध्या बेंगळुरूला दीर्घिकांवरच संशोधन करते. आबांचा प्रश्न वाचून जेवताना घास थांबला. हा प्रश्न आमच्या क्षेत्रात पन्नास वर्षं चाललाय आणि त्यांनी तो एका वाक्यात विचारला.

चिपाडं म्हणजे थंड वायू. तारा तयार व्हायला थंड, दाट हायड्रोजन लागतो. तो मिळत राहिला तर चुलवाण पेटतं राहतं. सर्पिल दीर्घिकेच्या निळ्या भुजा ही त्याची ज्वाळ. निळे तारे वजनदार असतात आणि झटपट संपतात. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो. सूर्यासारखा मात्र हजार कोटी वर्षं जळतो. म्हणून इंधन थांबलं की आधी ज्वाळ जाते आणि मागं पिवळे-तांबडे निखारे उरतात. भुजा प्रामुख्याने नव्या ताऱ्यांनी उजळलेल्या असतात, त्यामुळं त्याही मावळतात. आबांना दिसला तो रंग नव्हे, एवढ्या अंधूक प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाही. पण त्यांनी जे म्हटलं ते बरोबरच आहे.

आता चिपाडं बंद कुणी केली. समूहाने.

कन्या समूहात हजाराहून जास्त दीर्घिका आहेत. १९८५ च्या यादीत सुमारे तेराशे सदस्य नक्की केले होते. दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नाही, तिथं दोन-तीन कोटी अंश तापलेला अतिविरळ वायू पसरलाय. तो क्ष-किरणांत दिसतो. एखादी सर्पिल दीर्घिका बाहेरून या समूहात पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात असतो. आपण मोटारसायकलवर पन्हाळ्याला निघालो की वारं नसतानाही तोंडावर वारा बसतो, तसा तिच्यावर त्या वायूचा वारा बसतो. तारे घट्ट आणि लहान, त्यांना काही होत नाही. वायू मात्र उडून जातो. आबांना सांगा : खळ्यावर उफणणी. दाणे पाटीखाली पडतात, भूस वाऱ्याबरोबर जातं. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये हे गणित मांडलं.

हे नुसतं गणित नाही, तुमच्या त्याच दृश्यक्षेत्रात घडतंय. एम८६ च्या शेजारी एनजीसी ४४०२ नावाची कडेनं दिसणारी सर्पिल आहे, तिच्या धुळीची तबकडी वाऱ्याच्या दाबाने वाकलेली हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात दिसते. खुद्द एम८६ समूहातून आपल्या दिशेनं सेकंदाला सुमारे अडीचशे किलोमीटरने येतेय आणि तिच्यामागं तापलेल्या वायूची लांब शेपटी राहिलीय. दूरच्या समूहांत तर असे वायूचे झुबके मागं सोडणाऱ्या दीर्घिकांना जेलीफिश म्हणतात. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने त्यांतल्या जेओ२०१ चा सुंदर अभ्यास झालाय : मागं सांडलेल्या वायूतही नवे तारे पेटलेत.

दुसरी रीत मंद आहे. चुलवाणातली चिपाडं ओढून काढली नाहीत, फक्त बाहेरची गंजी उचलून नेली. आत आहे तेवढं जळतं आणि मग थांबतं. दीर्घिकेभोवतीही अशी वायूची गंजी असते आणि समूहात शिरताना ती आधी जाते. तबकडीतला वायू मग सुमारे दोनशे कोटी वर्षं पुरतो.

भुदरगडी
ताई, लई भारी समजावलं. उफणणीचं आईला सांगितलं, तिला लगेच कळलं. ती म्हणाली मग ते भूस कुठं जातं? खळ्याबाहेर जाऊन पडतं ना?

प्रकाशरेष
@भुदरगडी, आईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. ते समूहाच्या वायूतच मिसळतं. त्या तापलेल्या वायूत लोह सापडतं, क्ष-किरणांच्या वर्णपटात लोखंडाची रेषा स्पष्ट दिसते. लोह ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत तयार होतं. म्हणजे तो वायू कधी ना कधी दीर्घिकांमधून बाहेर आलेला आहे.

ओतारी
लोखंडाची रेषा! हे मला माहीत नव्हतं. उद्या सकाळच्या पाळीला पोरांना सांगणार.

एक शंका. समूहात एवढा वायू आहेच, तर दीर्घिकांना तो परत का मिळत नाही? की आमच्या धंद्यासारखं आहे? धातू वितळलेला असेपर्यंत त्याचं कास्टिंग होत नाही, उष्णता बाहेर गेली तरच घट्ट होतो. दोन-तीन कोटी अंशांचा वायू गोळा होऊन तारा बनणार कसा?

प्रकाशरेष
@ओतारी काका, तसंच. वायू आहे पण गरम आहे आणि इतका विरळ की उष्णता टाकायला त्याला अब्जावधी वर्षं लागतात. समूहाच्या मध्यभागी एम८७ आहे, तिचं कृष्णविवर त्याला आणखी तापतं ठेवतं. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं ते त्याचंच, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं.

मसाईवारा
आज संध्याकाळी ओट्यावर बसून आबांना सगळं वाचून दाखवलं. गंजी उचलून नेल्याचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, "हां. जाळ एकदम जात नाही. आधी घरघर कमी होते." चुलवाणातून जाळाचा आवाज येतो तो त्यांना म्हणायचा होता. गंजी कमी झाली की काहिलीतला रस उकळताना फेस बारीक होत जातो, मळी वर यायची थांबते आणि तेवढ्यावरून ते अंधारातही ओळखायचे.

पण दांड्याचं राहिलं.

प्रकाशरेष
दांडा म्हणजे घट्ट वस्तू नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करू. तो ताऱ्यांच्या वाटांचा आकार आहे. तबकडीतले तारे साधारण गोल फिरतात. तबकडी शांत असेल, ताऱ्यांची आडवीतिडवी धावाधाव कमी असेल, तर ताऱ्यांच्या आपसातल्या गुरुत्वाने त्यांच्या वाटा हळूहळू लांबट होतात आणि एकाच दिशेला जुळत जातात. जुळलेल्या वाटा आणखी ताऱ्यांना ओढतात. असा दांडा तयार होतो आणि अखंड फिरत राहतो. १९७० च्या दशकात संगणकावर तबकडी फिरवून पाहिली तेव्हा दांडा इतक्या सहज येई, की तो न येण्याचं कारण शोधावं लागलं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातही दांडा आहे.

म्हणजे दांड्याला नवी चिपाडं लागत नाहीत. तो जुन्या ताऱ्यांचा आहे. वारा वायू नेतो, तारे नेत नाही, म्हणून भुजा मावळल्या तरी दांडा उरतो.

उलट एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोठी टक्कर होऊन दीर्घिका भिंगाकार झाली असती तर तारे उधळले असते, तबकडी जाडजूड झाली असती आणि दांडा टिकणं अवघड होतं. दांडा शाबूत आहे म्हणजे हिचा वायू बहुधा शांतपणे गेला. पुरावा नाही म्हणत, खूण म्हणते. मसाईवर तुम्ही पाहिलेल्या डागातला दांडा सांगतो की ही कधीतरी व्यवस्थित फिरणारी, निळ्या भुजांची सर्पिल असावी.

दांडा स्वतःही थोडं काम करतो. तबकडीतला वायू तो आत ओढतो, केंद्राकडं. तिथं तो लवकर खर्च होतो, थोडा कृष्णविवरापर्यंतही पोचतो. ४४७७ चं केंद्र आजही किंचित सक्रिय आहे.

स्वातीचित्रा
प्रकाशरेष, उत्तम. पण एका जागी तुम्हाला थांबवते. सगळ्या भिंगाकार दीर्घिका विझलेल्या सर्पिल आहेत असा समज वाचणाऱ्याचा होऊ नये. समूहाबाहेर, एकट्यादुकट्या भिंगाकारही आहेत. तिथं वारा कुठला? आणि काही भिंगाकारांचे फुगवटे एवढे मोठे आहेत की सर्पिलमधून नुसता वायू काढून तसा फुगवटा येत नाही. लहान दीर्घिका गिळून, जवळून जाणाऱ्या शेजाऱ्यांचे धक्के खाऊन झालेल्याही असणार.

या साखळीतच पाहा ना. 'डोळ्यां'मधली ४४३८ पार वाकडीतिकडी झालीय. तिच्यापासून एम८६ पर्यंत तापलेल्या हायड्रोजनचे धागे सापडलेत, म्हणजे त्या दोघींची टक्कर झालीय. एकाच ओळीत एक शांतपणे विझलेली आणि एक धडकलेली. एकाच सिद्धांतात दोघींना बसवायला मी तयार नाही.

प्रकाशरेष
मान्य, ताई. माझं वाक्य समूहातल्या तबकडीदार भिंगाकारांपुरतं घ्या. बाहेरच्यांमध्ये विलीनीकरणाचा वाटा जास्त दिसतो, ताऱ्यांच्या फिरण्याच्या मोजमापांतूनही दोन कुळं वेगळी पडतात.

पण गर्दीचा परिणाम नाकारता येत नाही. अ‍ॅलन ड्रेस्लर यांनी १९८० मध्ये ५५ समूहांतल्या सुमारे सहा हजार दीर्घिका एकेक पाहून वर्गवारी केली. मोकळ्या जागेत दहातल्या आठ सर्पिल. दाट गाभ्यात दहात जेमतेम एक सर्पिल, निम्म्याच्या आसपास भिंगाकार. पुढं हबल दुर्बिणीने सुमारे पाचशे कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे तेवढे दूरचे समूह पाहिले तर तिथं भिंगाकार कमी आणि सर्पिल जास्त निघाल्या. मधल्या काळात सर्पिल कुठं गेल्या, या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर हेच, की त्या भिंगाकार झाल्या.

रंकाळ्याकाठी
तुम्ही दोघी भांडताय तेही शिकवल्यासारखं भांडताय. लेकीनं वहीत नादकाटा काढून ठेवलाय.

तिला मी आज आणखी एक सांगितलं. जयंत नारळीकर सरांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९ जुलै १९३८. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकरही कोल्हापूरचेच, बनारसला गणित शिकवायचे. सर गेल्याची बातमी २० मे २०२५ ला आली तेव्हा ही नववीत जाणार होती आणि तिला नाव नुसतं पुस्तकात वाचून माहीत होतं. त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये दीर्घिका समूहांचाच एक महासमूह शोधला, चारशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, आणि त्याला सरस्वती नाव दिलं, हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या खेपेला आम्हा दोघींना मसाईवर यायचंय. येऊ का?

मसाईवारा
ताई, अवश्य या. विचारताय काय! उबदार कपडे आणा, एप्रिल असला तरी बारानंतर पठारावर वारं झोंबतं. टॉर्चला लाल जिलेटिन लावा आणि मोबाइल खिशातच ठेवा. अंधाराला डोळा सरावायला पाऊण तास द्यावा लागतो, एका मोबाइलच्या उजेडानं सगळ्यांची रात्र वाया जाते. आणि डागाकडं सरळ न बघता जरा बाजूला बघायचं, तिरक्या नजरेला अंधूक जास्त दिसतं.

आबांना मी काल पठाराचं सांगितलं. आपण ज्या खडकावर दुर्बीण ठेवली तो सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, वर जांभा चढलाय तो नंतरचा. आणि डोळ्यात आलेला उजेड तिथून निघाला साडेपाच कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तो निघाला तेव्हा आपल्या पायाखालचा दगड थंड होऊन कोटभर वर्षं झाली होती. आबा म्हणाले, "म्हंजे रान तयार हुतं, बघणारा न्हवता."

भुदरगडी
हे वाक्य मी लिहून ठेवतोय दादा.

इचल_कॅमेरा
उशिरा पोचलो. धागा वाचून राहवलं नाही, परवा राधानगरीच्या पुढं जाऊन साखळीचा फोटो काढला. २०० मिलिमीटर लेन्स, दोन-दोन मिनिटांचे ५४ फोटो एकावर एक रचले. ४४७७ वाढवून पाहिली तर मधला लांबट उजळ पट्टा आणि भोवती फिकट गोल तबकडी ओळखू येते, भुजा कुठंच नाहीत. एक खेप आधी वाया गेली होती, लेन्सवर दव बसलं आणि मला पहाटे कळलं. आता लेन्सला कापडी पट्टीचा हीटर बांधतो.

नुसत्या डोळ्याला आठ इंचीतून दांडा दिसतो का कुणाला?

स्वातीचित्रा
फोटो अप्रतिम. मला विचाराल तर आठ इंचीतून मी तरी गोल डाग आणि उजळ केंद्र एवढंच पाहिलंय, गगनबावड्याच्या आकाशातही. केंद्र किंचित लांबट वाटल्याचं काही जुने निरीक्षक लिहितात. माहीत असल्यावर वाटणं आणि दिसणं यात फरक करणं कठीण असतं, म्हणून मी ते नोंदीत धरत नाही.

मसाईवारा
काल परत जाऊन आलो. ताई आणि त्यांची लेकही होत्या. तिनं उत्तरा फाल्गुनीपासून स्वतः साखळी लावली, मी फक्त स्टूल धरलं. ओतारी काका शिरोलीहून पाळी संपवून थेट आले आणि अर्धा तास एकट्या ४४७७ वर होते.

आबांनी या वेळी कागद मागितला. गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू दिली, लाल टॉर्चमध्ये पेन्सिलनं काढत बसले. डोळा लावायचे, दोन रेघा, परत डोळा. सात ठिपके आलेत, साखळीतला एक सुटलाय, बहुतेक ४४५८, ती फार मंद आहे. वळण बरोबर आहे. शेवटच्या ठिपक्यात मात्र त्यांनी आत एक छोटी आडवी रेघ मारलीय.

मी त्यांना दांड्याचा फोटो दाखवलेला नव्हता. दांडा आहे हे वाचून दाखवलं होतं, पण कुठल्या दिशेला ते त्यांना माहीत नाही. विचारलं, ही रेघ कसली? म्हणाले, "निखारा गोल न्हाई. असा हाय." आणि बोटानं दिशा दाखवली.

इचल_कॅमेरा, तुमच्या फोटोवर हा कागद ठेवून बघायचाय. फोटोत उत्तर कुठं आहे तेवढं सांगाल का?

इचल_कॅमेरा
उत्तर वर, पूर्व डावीकडं. कागदाचा फोटो इथं टाका, मी जुळवतो.

स्वातीचित्रा
थांबा. डॉब्सोनियनमध्ये चित्र १८० अंशांनी फिरलेलं दिसतं. साखळीचे बाकीचे सहा ठिपके आधी फोटोशी जुळवा, कागद त्याप्रमाणं फिरवून स्थिर करा आणि मगच शेवटच्या ठिपक्यातली रेघ बघा. आणि मसाईवारा, जुळेपर्यंत आबांना फोटो दाखवू नका. मला त्यांच्याकडून आणखी एक चित्र हवंय, दुसऱ्या रात्रीचं.